बँकव्यवसायाचे जागतिकीकरण आणि अरिष्टे : वऱ्हाडी कापसाचा दाखला

एखाद्या देशाचा बँकव्यवसाय जागतिक बाजाराशी जोडला गेला म्हणजे दूरदेशीचे अरिष्ट त्याच्या दाराशी येते, असे सामान्यतः मानले जाते. हे विधान अपुरे आहे. अरिष्ट मालाच्या वाटेने येते की कर्जाच्या, हा महत्त्वाचा भेद त्यात लोपतो. नांदगाव खंडेश्वर ज्या वऱ्हाडात आहे, त्या कपाशीच्या मुलखाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला. हिंदी कापसाचे भाव कडाडले. त्यातून मुंबईत आलेला पैसा नव्या बँका आणि बॅक बे भरणीसारख्या कंपन्यांच्या शेअरांत गुंतला. बँक ऑफ बॉम्बेवर (स्थापना १८४०) पूर्वी कर्जव्यवहाराचे कडक निर्बंध होते. १८६३ च्या कायद्याने ते सैल झाले व शेअरांच्या तारणावर कर्जांची खैरात झाली. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले; पाठोपाठ शेअरही. मे १८६६ मध्ये लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली आणि लंडनच्या पैशावर विसंबलेल्या बँकांचा आधार तुटला. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली.

केवळ भाव उतरले असते, तर व्यापारी व शेतकरी यांचे उत्पन्न घटले असते. बँक बुडाली, कारण कर्जदाराची मिळकत आणि त्याने दिलेले तारण ही दोन्ही एकाच तेजीवर उभी होती. मराठीत ‘पत’ या एकाच शब्दाने माणसाचा लौकिक आणि त्याची कर्ज मिळविण्याची शक्ती असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. मुंबईत या दोहोंची फारकत झाली होती.

१५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीत निघालेली लेहमन ब्रदर्स ही पेढीही मुळात अलाबामातील कापसाचा व्यापार करणारी होती, हा योगायोग लक्षणीय आहे. त्या वेळी भारतीय बँका तगल्या. अमेरिकेतील बुडीत गृहकर्जांत त्यांची गुंतवणूक अल्प होती आणि स्थावर मालमत्तेवरील कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने आधीच सावधगिरी बाळगली होती. निर्यातीला व परकीय कर्जपुरवठ्याला मात्र झळ पोचलीच.

सारांश, नियमनाने कर्जाची वाट रोखता येते. मालाची वाट उघडीच राहते. वऱ्हाडातील कापूस आजही जगाच्या भावाशी बांधलेला आहे. म्हणून बँका सुरक्षित राहिल्या एवढ्याने अरिष्ट टळले, असे म्हणता येणार नाही. भाव पडल्यावर पीककर्ज कशातून फिटणार, हा शेतकऱ्याचा प्रश्नही त्याच हिशेबात धरला पाहिजे.