नोकरी आणि कायदा (भाग ९) : वर्दी उतरवल्यावर

मागच्या आठवड्यात बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या बाईची जागा कायदा कशी राखतो ते पाहिलं. आजची रजाही मोठीच, पण ती मागायची नसते. बोलावणं सरकारकडून येतं.

६ मे २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. प्रादेशिक सेनेच्या नियमावलीतल्या ३३व्या नियमाखाली या सेनेतल्या कोणाही अधिकाऱ्याला, जवानाला सेवेवर बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना मिळाला. ३२ पायदळ बटालियनपैकी १४ तैनात करायला मंजुरी होती आणि मुदत थेट ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत. त्या आठवड्यातल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या धामधुमीत ही बातमी चार ओळींत आटोपली. पण ज्यांच्या दारी तो हुकूम येऊ शकत होता, त्यांतल्या नोकरदारांना साहेबांना काय सांगायचं हाही घोर असणारच.

प्रादेशिक सेना म्हणजे बोलीतली ‘टीए’, अर्धवेळ सैनिकांची सेना. कोल्हापूरकरांना तिची मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियन चांगली ठाऊक आहे. इथे अधिकारी व्हायचं तर आधी पोटापाण्याचा स्वतंत्र उद्योग हवा, अशी अटच आहे. म्हणजे जी नोकरी असल्याशिवाय आत घेत नाहीत, तीच आत गेल्यामुळे धोक्यात येते! वर्षाकाठचं महिना-दोन महिन्यांचं प्रशिक्षण कंपनी चालवून घेईल एक वेळ. दोन-तीन वर्षं कोण थांबेल?

थांबावं लागतं, असं १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्याचं कलम ७अ म्हणतं. सेवा संपवून आलेल्याला मालकाने परत घ्यायचं, आणि तेही नोकरीत खंड पडला नसता तर ज्या अटी लागू असत्या त्यांहून कमी नसलेल्या अटींवर. मालकांचा स्वभावही कायदा करणाऱ्यांनी ओळखला होता. हे कर्तव्य टाळण्यासाठी बोलावणं येण्याआधीच माणसाला काढून टाकलं, तरी जबाबदारी सुटत नाही. पुढचं कलम ७ब भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क शाबूत ठेवतं.

‘खंड पडला नसता तर’ या शब्दांत सगळी मेख आहे. अमेरिकेत त्याला सरकत्या जिन्याचं तत्त्व म्हणतात. ब्रुकलिनच्या गोदीतला फिशगोल्ड नावाचा वेल्डर दुसऱ्या महायुद्धात लष्करात गेला आणि परत कामावर रुजू झाला. पुढे काम कमी पडलं तेव्हा त्याला काही दिवस घरी बसवलं आणि त्याच्याहून ज्येष्ठ कामगारांना ठेवलं. तो कोर्टात गेला. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला, पण त्याच निकालातून हे तत्त्व रूढ झालं : जिना वर सरकतच असतो. परतलेला माणूस जिथे उतरला त्या पायरीवर नव्हे, तर उतरलाच नसता तर जिथे पोचला असता त्या पायरीवर चढतो. मधली वेतनवाढ आणि ज्येष्ठता त्याची. फिशगोल्डला मात्र इतरांच्या डोक्यावरून वर जायचं होतं, ते न्यायालयाने मान्य केलं नाही.

१९९४ च्या अमेरिकी कायद्याने याला दिवसांचे हिशेब जोडले. एका मालकाकडे असताना एकूण पाच वर्षांपर्यंतच्या लष्करी सेवेला साधारणपणे हे संरक्षण आहे. १८० दिवसांहून जास्त सेवा झाली असेल तर परतण्याचा अर्ज करायला ९० दिवस, आणि रुजू झाल्यावर वर्षभर सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. राज्य सरकारंही यातून सुटत नाहीत. इराकमध्ये कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुराने फुप्फुसांचा आजार जडलेल्या टेक्सासच्या एका पोलिसाच्या खटल्यात, २०२२ मध्ये, न्यायालयाने ते पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं.

आपल्याकडे मालकाने नकार दिला, किंवा परत घेणं शक्यच नाही म्हटलं, तर प्रकरण नेमलेल्या प्राधिकाऱ्यापुढे जातं. तो मालकाला कामावर घ्यायला सांगू शकतो. सूट देऊ शकतो. किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई द्यायला लावू शकतो. त्याचाही हुकूम मोडला तर दंड आहे, एक हजार रुपयांपर्यंत. मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात चहाचं महिन्याचं बिल याहून जास्त होत असेल.