आकडा ६४ टक्के, पण सत्ता कोणाची?

संसदेत बायकांचं प्रमाण सगळ्यात जास्त कुठल्या देशात? मेसमध्ये विचारलं तर स्वीडन, नॉर्वे अशी उत्तरं येतात. बरोबर उत्तर आहे आफ्रिकेतला चिमुकला रवांडा!

१९९४ च्या वंशसंहारात तिथे सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. शेती, घर, अनाथ मुलं हे सगळं मागे उरलेल्या बायकांवर आलं. पण रूढीप्रमाणे मुलीला जमिनीचा वारसा नव्हता. नवरा गेला, वडील गेले आणि शेतही गेलं! तेव्हा महिला संघटनांनी जोर लावला आणि १९९९ मध्ये मुलींना समान वारसाहक्क देणारा कायदा झाला. लक्षात घ्या, तेव्हा घटनेत महिला आरक्षण नव्हतं.

ते आलं २००३ च्या राज्यघटनेत, किमान ३० टक्के. कनिष्ठ सभागृहातल्या ८० पैकी २४ जागा राखीव. २००८ मध्ये तिथे ४५ बायका निवडून आल्या. राष्ट्रीय संसदेत स्त्रियांचं बहुमत हे जगात पहिल्यांदाच! २०१३ मध्ये त्या ५१ झाल्या, म्हणजे ६४ टक्के.

आता दुसरी बाजू. पॉल कागामे २००० मध्ये अध्यक्ष झाले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांना ९९ टक्के मतं पडली. राखीव जागांवर सामान्य जनता थेट मत देत नाही, स्थानिक परिषदांमधले सदस्य देतात. बहुतेक उरलेल्या जागा पक्षाच्या यादीतून भरतात. मग खासदारबाई कोणाचं ऐकणार? शिवाय चळवळीतल्या कितीतरी जाणत्या कार्यकर्त्या संसदेत आणि सरकारात गेल्या. बाहेर उभं राहून जाब विचारायला कोण उरलं?

आणि ज्या बायकांनी थेट कागामेंना आव्हान दिलं त्यांचं काय झालं? व्हिक्टोआर इंगाबिरे २०१० मध्ये निवडणूक लढवायला परतल्या, त्यांना अटक झाली. शिक्षा १५ वर्षांची. २०१८ मध्ये माफी मिळून सुटल्या, २०२५ मध्ये पुन्हा अटक. डिआन र्विगारा यांचा अर्ज २०१७ मध्ये बाद झाला, मग त्या वर्षभर तुरुंगात होत्या. २०१८ मध्ये कोर्टाने निर्दोष सोडलं, पण २०२४ मध्ये अर्ज पुन्हा बाद!

म्हणून आरक्षण फुकट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. बाईला खुर्चीत बघत मोठी होणारी मुलगी वेगळा विचार करणारच. पण सर्किट ओपन असलं तरी व्होल्टमीटर फुल व्होल्टेज दाखवतो, करंट मात्र शून्य! संसदेत बायका किती, हे जरूर मोजा. त्यातल्या कितीजणी सरकारला 'नाही' म्हणून सुखरूप घरी जाऊ शकतात, तेही मोजा.