मोटारसायकल बंद पडते, पण दोष बॅटरीचाच असतो का?

मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूधवाला, फळांचा फिरता विक्रेता, बेकरीचा माल पोहोचविणारा, घरोघरी पार्सल देणारा तरुण, या सर्वांची रोजीरोटी तिच्यावर चालते. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर त्या दिवसाचा धंदा बुडतो. अशा वेळी बहुधा होते काय? सेल्फचे बटण दाबले की नुसता 'टक्-टक्' आवाज येतो, मालक घाईघाईने नवी बॅटरी बसवून घेतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा तोच प्रकार. पैसे गेले, रोग तसाच राहिला. म्हणून चार्जिंगचे गणित आम्ही येथे सोप्या भाषेत मांडत आहोत. गाडीमालकाला ते उपयोगी आहेच, गॅरेज चालविणाऱ्या तरुणांना त्याहून अधिक आहे.

वीज कोठून येते?

बॅटरी वीज साठवते, तयार करीत नाही. वीज तयार होते इंजिनाच्या बाजूच्या झाकणाआड. तेथे फिरणारा मॅग्नेट आणि स्थिर बसविलेली तांब्याच्या तारेची कॉइल असते. ही वीज ए.सी. असते व इंजिनाच्या वेगाबरोबर तिचा दाब वाढत जातो. रेग्युलेटर-रेक्टिफायर तिचे डी.सी.त रूपांतर करतो आणि दाब मर्यादेत ठेवून बॅटरीला पुरवितो. कॉइल, रेग्युलेटर, बॅटरी आणि वायरिंग या चौघांपैकी एकाने दगा दिला की सारी साखळी तुटते.

पूर्वीच्या कार्बोरेटरच्या अनेक गाड्या बॅटरी उतरली तरी किक मारून चालू होत. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ नियम लागू झाले आणि इंजेक्शनच्या गाड्या सर्रास झाल्या. त्यांचा पेट्रोल पंपही विजेवर चालतो. शिवाय २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. त्यामुळे आज चार्जिंग बिघडणे म्हणजे गाडी रस्त्यात उभी राहणे होय.

तपासणीचा क्रम

काही शेकडा रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर एवढेच साधन पुरेसे आहे. क्रम मात्र चुकवू नये.

१) गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत. १२ च्या खाली असल्यास आधी बॅटरी बाहेरून चार्ज करावी, मगच पुढे जावे.

२) सेल्फ मारताना दाब साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर समजावी.

३) इंजिन चालू करून वेग चार-पाच हजार फेऱ्यांवर नेला असता साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. दाब वाढतच नसेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटरवर संशय घ्यावा. बल्ब वारंवार उडणे, बॅटरी फुगणे ही त्याचीच लक्षणे.

४) चार्जिंग होत नसेल तर प्रथम कपलर व बॉडी अर्थ पाहावे. पावसाळ्यानंतर कपलरमध्ये हिरवा गंज चढतो, प्लास्टिक वितळून काळे पडते. जळका कपलर तसाच ठेवून नवा रेग्युलेटर लावला तर तोही टिकत नाही.

५) वायरिंग ठीक असेल तर कॉइलचा कपलर सोडावा. तीन वायरींच्या कॉइलमध्ये प्रत्येक जोडीचे ए.सी. व्होल्ट सारखे असावेत व वेगाबरोबर वाढावेत. इंजिन बंद करून पाहिल्यास कोणत्याही वायरीचा बॉडीशी संपर्क नसावा. एवढे बरोबर असल्यास दोष रेग्युलेटरचा किंवा त्याच्या पुढच्या वायरिंगचा. काही लहान गाड्यांत कॉइलचे एक टोक मुळातच बॉडीला जोडलेले असते, तेथे कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे जावे.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग पाहण्याची' जुनी रीत सोडून द्यावी. त्यात दाब एकदम उसळतो व महागडे इलेक्ट्रॉनिक युनिट जळू शकते. तसेच ५५ वॅटचा एक जादा दिवा साडेचार अँपिअर ओढतो. लहान गाडीच्या कॉइलला तो भार झेपत नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

धंद्याचा फायदा

एवढ्या तपासणीला अर्धा तास लागतो. आमचा सल्ला असा की, मिळालेले आकडे बिलावर लिहून द्यावेत व तपासणीची वाजवी मजुरी निःसंकोच घ्यावी. बॅटरी चांगली असेल तर ती विकू नये. त्या दिवशी विक्रीचा नफा बुडेल खरा, पण ज्याचे पैसे वाचले तो गिऱ्हाईक आपल्या गल्लीतल्या चार गाड्या तुमच्याकडे पाठवील. नुसते सुटे भाग बदलणारे पुष्कळ आहेत, दोष शोधून देणाऱ्या कारागिराला मात्र कामाचा तुटवडा पडत नाही.