विश्लेषण : हौशी गायकांना सूर देणाऱ्या इमोजेन होल्स्ट कोण होत्या?

'द प्लॅनेट्स'चे संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांची मुलगी, एवढीच इमोजेन होल्स्ट (१९०७-१९८४) यांची ओळख अनेकदा सांगितली जाते. प्रत्यक्षात वृंदगान संचालक आणि संगीत अभ्यासक म्हणून त्यांचे काम स्वतंत्र मोलाचे आहे.

सुरुवात कशी झाली?

डाव्या हाताच्या शिरांच्या आजारामुळे पियानोवादक होण्याचे स्वप्न तरुणपणीच सुटले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, सरकारी मदतीच्या कला योजनेतून त्या पश्चिम इंग्लंडमधील गावोगाव फिरल्या. तिथे शेतकरी, गृहिणी, विस्थापित मुले अशा कोणालाही एकत्र गायला लावायचे, हेच काम होते. पुढे १९५१ पर्यंत डार्टिंग्टन येथे त्यांनी संगीत शिकवले.

भारताशी नाते काय?

वडिलांनी संस्कृत शिकून ऋग्वेदातील सूक्तांना संगीत दिले होते. महाभारतातील सावित्रीच्या कथेवर त्यांनी छोटा ऑपेराही रचला. इमोजेन स्वतः १९५०-५१ च्या हिवाळ्यात शांतिनिकेतनात भारतीय संगीत शिकायला आल्या. 'सावित्री'मध्ये स्त्रियांचा वृंद शब्दांविना, पडद्याआडून गातो. १९६५ मध्ये या ऑपेराचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा संचालन इमोजेन यांचेच होते आणि गात होता त्यांचा 'पर्सेल सिंगर्स' हा वृंद.

किंमत काय मोजली?

१९५२ मध्ये त्या संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या सहायक म्हणून ऑल्डबरोला गेल्या. त्यांच्या स्वरलिपी नीट उतरवण्यात आणि तिथल्या महोत्सवाच्या कामात वर्षे गेली. स्वतःच्या रचना मागे पडल्या. अखेर १९६४ मध्ये त्यांनी ते काम सोडले. त्यानंतर वडिलांच्या रचनांची तपशीलवार सूची १९७४ मध्ये प्रसिद्ध केली आणि स्वतःच्या रचनांकडेही त्या वळल्या. १९८२ मधील तंतुवाद्यांची पंचवाद्यरचना त्याची साक्ष आहे.

आज महत्त्व का?

हौशी संचालकांसाठी त्यांनी १९७३ मध्ये मार्गदर्शक पुस्तक लिहिले. एकच चाल वेगवेगळ्या गटांनी मागेपुढे सुरू करायची, हा गानप्रकार त्यांच्या विशेष आवडीचा. स्वरलिपी न येणाराही त्यातून काही मिनिटांत अनेक स्वरांच्या मेळाचा अनुभव घेतो. सोसायटीच्या गणेशोत्सवात समूहगान बसवणाऱ्यांनीही करून पाहावा, असा हा उपाय आहे.