जुन्या मोटारीचे कुशनकाम : मूळ माल ओळखावा कसा, शोधावा कुठे?

आपले अनेक कारागीर बांधव मोटारीच्या कुशनकामात आहेत. नव्या गाड्यांच्या सीटा कारखान्यातूनच तयार होऊन येतात आणि वर घालायची कव्हरेही शिवलेली मिळतात. त्यामुळे गल्लीतल्या कुशनवाल्याचे काम घटले आहे. परंतु याच धंद्याची एक शाखा अशी आहे, जिथे आजही हाताचेच काम लागते. ती म्हणजे जुन्या, विंटेज मोटारींच्या आतले काम.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम करून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. तिची फी २० हजार रुपये असून मुदत १० वर्षांची आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, अशी त्यात अट आहे. एवढा खर्च करणारा मालक आतले कामही मूळच्यासारखे मागतो. रॅलीमध्येही गाडी किती अस्सल आहे हे पाहिले जाते. म्हणून मूळ माल ओळखता येणे, हेच या कामातले खरे भांडवल आहे.

महाग माल म्हणजे मूळ माल नव्हे

बरेच ग्राहक म्हणतात, ‘गाडी जुनी आहे, उत्तम लेदर टाका.’ इथे कारागिराने थांबून विचार करावा. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीच्या सीटा रेक्झिनच्या असत. तिच्यात लेदर घातले की पैसा खर्च होऊन गाडीचा अस्सलपणा जातो. साठ-सत्तरच्या दशकातील कित्येक मर्सिडीज गाड्यांतही कंपनीनेच ‘एमबी-टेक्स’ नावाचे कृत्रिम चामडे वापरले होते.

युद्धपूर्व काळातील मोठ्या लिमोझिन गाड्यांची तऱ्हा तर अनेकांना उलटी वाटेल. त्यांत ड्रायव्हरची सीट लेदरची आणि मागे बसणाऱ्या मालकाची सीट उंची लोकरी कापडाची असे. ड्रायव्हरच्या बाजूला ऊन-पाऊस लागे, म्हणून तिथे टिकाऊ लेदर. अमेरिकन गाड्यांतही साधारणपणे टप असलेल्या उघड्या गाडीला लेदर आणि बंद गाडीला कापड, असा रिवाज होता.

पहिला साक्षीदार गाडीच

जुने कव्हर उसवून कचऱ्यात टाकणे ही या कामातली सर्वांत मोठी हानी. एकदा ते गेले की मूळ काय होते, हे सांगणारे कोणी उरत नाही. आधी फोटो काढावेत आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने जागा लिहावी. पट्ट्यांची रुंदी, गोटाची जाडी आणि एका इंचात किती टाके आहेत, हे वहीत नोंदवावे.

रंगाचा खरा पुरावा उन्हात तापलेल्या भागावर मिळत नाही. सीटच्या खाली दुमडून खिळलेली कड, दाराच्या पॅनेलची मागची बाजू, खिशाच्या आतला भाग इथे मूळ रंग शिल्लक असतो. त्याचा वीतभर तुकडा जपून ठेवावा. माल शोधताना तोच नमुना.

आतले थरही पाहावेत. विसाच्या दशकातील गाडीत स्प्रिंगा, त्यावर तरट, मग घोड्याचे केस, मग पिंजलेला कापूस आणि सर्वांत वर कव्हर अशी रचना सापडते. रबराचा फोम १९२९ नंतर आला. त्याआधीच्या गाडीत फोम निघाला, तर मध्ये कुणीतरी काम केले आहे असे समजावे. कापूस पिंजण्याची कला पिंजारी बांधवांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिचा इथे चांगला उपयोग होऊ शकतो.

जाळून पाहण्याची परीक्षा

कापडाची जात कळत नसेल तर दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळावेत. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि आग काढताच ती विझू लागते. नायलॉन, पॉलिस्टर वितळून त्यांचा कडक मणी बनतो. लेदरलाही केसासारखाच वास येतो, तर आजचे रेक्झिन वितळते. एक सावधगिरी मात्र हवी. जुने इंग्रजी रेक्झिन सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन बनत असे आणि ते भडकन पेट घेते. म्हणून ही परीक्षा अगदी लहान तुकड्यावर, उघड्यावर, दुकानातल्या मालापासून दूर करावी.

माल कुठे मिळेल?

जुनी हँडले, बटणे, पट्ट्या यांसाठी मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ल्याचा भंगारबाजार धुंडाळावा. लेदरसाठी तामिळनाडूतील आंबूर, वाणियमबाडी, राणीपेट तसेच कानपूर ही मोठी केंद्रे आहेत. नमुना पाठवून जाडी, दाणा आणि रंग जुळवून घ्यावा. पूर्ण गाडीचा माल एकाच घाण्यातला घ्यावा. मागाहून घेतलेल्या तुकड्याचा रंग हमखास वेगळा निघतो. व्रण, डाग आणि पोटाकडचा सैल भाग सोडावा लागतो, म्हणून मापापेक्षा जास्त चौरस फूट मागवावे. लेदरचे पक्के बिल घेतल्याशिवाय माल हलवू नये. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर तर ही काळजी अधिकच हवी.

रोल्स-रॉइस, जॅग्वार या गाड्यांना लेदर पुरवणारी इंग्लंडची कॉनोली ही पेढी १८७८ मध्ये सुरू झाली होती. तिचा चामडे कमावण्याचा जुना कारखाना २००२ मध्ये बंद झाला. तेव्हा कुणी ‘अस्सल कॉनोली’ म्हणून माल पुढे केला, तर तो जुना साठा आहे की नवा, हे विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. जुना साठा असला तरी घडी घालून पाहावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेले लेदर घडीवर तडकते. लोकरी कापड उजेडासमोर धरावे, म्हणजे कसर लागली असल्यास छिद्रे दिसतात.

यादी लिहून द्या

सगळा माल मूळचा मिळेलच असे नाही. घोड्याच्या केसांऐवजी रबर लावलेला काथ्या घालावा लागेल, सुती दोऱ्याऐवजी पॉलिस्टर वापरावा लागेल. त्यात गैर काही नाही. फक्त काम हाती घेताना ग्राहकाला यादी द्यावी : हा माल मूळचा, हा नव्याने तसाच बनवलेला, हा पर्यायी. तिघांचे दर वेगळे लावावेत आणि उरलेले जुने तुकडे पिशवीत भरून मालकाच्या हवाली करावेत. अशा गाड्यांचे मालक एकमेकांना ओळखतात. एका गाडीत खपवलेला नकली माल त्या सर्वांना कळतो. तसेच एका गाडीचे चोख काम पुढच्या गाड्या दुकानाच्या दारात आणून उभ्या करते.