'काया' की 'काळ्या'? स्क्रीनवरची आपली वऱ्हाडी

आवडती मालिका कोणती, आवडता जुना सिनेमा कोणता, असं कोणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट तपासतो. त्यातलं कोणी माझ्या आईसारखं बोलतं का? आणि बोलत असेल, तर कशासाठी? लोकांनी हसावं म्हणून, की त्या माणसाला खरंच काही सांगायचं आहे म्हणून?

मी अकोल्याच्या जुन्या शहरातला. मोर्णेच्या काठचा, राजेश्वराच्या देवळाच्या घंटा ऐकत वाढलेला. आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. सकाळच्या मीटिंगमध्ये 'मला वाटतं' आणि रात्री घरी फोन लावला की 'मले वाटते'. यात काही जड जात नाही, दोन कीबोर्ड असल्यासारखं आहे. जड जातं ते वेगळंच. चहाला उभं असताना कोणीतरी हमखास म्हणतं, "अरे, ते वऱ्हाडी बोलून दाखव ना!" बोलून 'दाखव'. मी तोंड उघडायच्या आधीच समोरचे हसायला तयार असतात. ही सवय त्यांना लागली कुठून? मला विचाराल तर टीव्हीवरून.

आता बाकीच्या बोलींचं बघा. 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आली, तिच्यात मालवणी होती. त्याच वर्षी 'तुझ्यात जीव रंगला', कोल्हापुरी. पुढच्या वर्षी 'लागिरं झालं जी', सातारी. तिन्ही झी मराठीवर. या मालिकांत लोक त्या बोलीत प्रेम करतात, भांडतात, घाबरतात, मरतात. आणि 'सैराट'नं तर करमाळ्याकडच्या बोलीत अख्ख्या महाराष्ट्राला रडवलं. वऱ्हाडीच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा स्किटमधला हवालदार, नाहीतर गावाकडून आलेला पाहुणा.

इथं लगेच कोणीतरी भारत गणेशपुरेंचं नाव घेईल. थांबा. 'चला हवा येऊ द्या'मधले गणेशपुरे मला मनापासून आवडतात. ते अमरावतीकडचेच, त्यांची बोली अस्सल आहे आणि त्यांचं टायमिंग शिकून येणारं नाही. त्यांच्यावर हसताना आपण माणसावर हसतो, भाषेवर नाही. घोळ बाकीच्यांचा आहे. त्यांनी त्यातली फक्त चव उचलली आणि स्वयंपाक आपल्या मनानं केला.

नकली वऱ्हाडी ओळखायची कशी? आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. लेखक प्रमाण मराठीत संवाद लिहितो, मग 'फाइंड अँड रिप्लेस' मारतो: जिथं ळ तिथं य. वाक्याच्या शेवटी एक 'बाप्पा' चिकटवला की झालं. मग पात्र म्हणतं, "मला शायेत जायचं आहे बाप्पा." असं कोणीच बोलत नाही! आमच्याकडं ते "मले शायेत जाचं हाये" असं येतं. ळ बदलला तर 'ला'चं 'ले'ही व्हायला पाहिजे. 'काय करतोयस?' याचं 'काय करून राहिला?' होतं, शेवटचा स गायब. पुढं कधीतरी करायचं काम सांगताना 'करजो', 'येजो', 'सांगजो'. 'का' च्या जागी 'काऊन'. आणि आमच्याकडच्या बऱ्याच बाया स्वतःबद्दल 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणतात. माझी आई फोन ठेवताना रोज म्हणते, "ठेवतो मंग." मालिकेतली वऱ्हाडी बाई 'ठेवते' म्हणाली की मला कळतं, लिहिणारा कधी मूर्तिजापूरच्या पुढं आलेला नाही.

म्हणजे हे व्याकरण आहे, चुकीची मराठी नाही. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानलं जाणारं 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात लिहिलं गेलं ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. एवढंच सांगतो आणि पुढं जातो, नाहीतर मोठेपणा होईल.

(एक खुलासा, कारण दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आमच्याकडचं नाही. त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं, आणि बोली मराठवाड्यातली. आवडतं मात्र आम्हालाही.)

आता जुन्या सिनेमाकडं येतो, कारण मला सगळ्यात जास्त टोचतं ते तिथलं एक अक्षर. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ. त्यांच्या कवितासंग्रहाचं नाव 'काया मातीत मातीत'. काया म्हणजे शरीर नाही हं, काया म्हणजे काळी. आमची कपाशीची काळी जमीन. हेच शब्द 1981 च्या 'अरे संसार संसार'मध्ये गाणं होऊन आले आणि घराघरात पोचले. तुम्ही ते ऐकलंच असेल, पण 'काळ्या मातीत मातीत' म्हणून. पुस्तकावर य, पडद्यावर ळ. गाणं सुंदरच आहे, माझ्या प्लेलिस्टमध्ये आहे, आणि ळ मुळे ते जास्त लोकांना कळलं हेही खरं. तरी बघा ना, दिग्दर्शक राजदत्त स्वतः धामणगावचे, कवी अकोल्याचे, माती आमची, आणि नेमकं आमचं अक्षर गाडीतून उतरलं.

राजदत्तांचाच 'देवकीनंदन गोपाला' (1977), गाडगेबाबांवरचा, श्रीराम लागू प्रमुख भूमिकेत. आमच्या घरी हा सिनेमा लागला की टीव्हीचा आवाज कमी करायची कोणाची हिंमत नसायची. गाडगेबाबा मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. लोकांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तर काढत ते कीर्तन करायचे, आणि बोलायचे याच बोलीत. म्हणजे अंधश्रद्धा, दारू, कर्ज, शाळा, असल्या सगळ्या गंभीर गोष्टी वऱ्हाडीत बोलून झालेल्या आहेत. ती बोली विनोदापुरतीच, हे टीव्हीनं कधी ठरवलं?

मालिकांमध्ये माझं मत 'माझ्या नवऱ्याची बायको'ला. हसू नका! 2016 ते 2021 चालली, शेवटी शेवटी फार ताणली, मान्य. पण राधिका नागपूरची आहे, तिकडच्या ढंगात बोलते, आणि नवऱ्याला त्याचीच लाज वाटते. पुढं ती मसाल्यांचा धंदा उभा करते, कंपनी चालवते, पण तिचं बोलणं सुटत नाही. अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, आणि नागपुरी म्हणजे तंतोतंत वऱ्हाडी नव्हे, त्यामुळे आमची आई मधून मधून चुका काढायची. बघायची मात्र रोज.

आणि एकच सिनेमा पाहणार असाल तर सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009). गाभ्रीचा ही शिवी आहे, आणि ती पावसाला दिलेली आहे. विदर्भातला कापसाचा शेतकरी किसना, म्हणजे गिरीश कुलकर्णी. गावात एकानं आत्महत्या केली, तेव्हापासून बायको अलकाला धास्ती की आपला नवराही तसंच काही करेल. म्हणून ती लहान पोराला आणि सासूला त्याच्या पाळतीवर ठेवते. सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष. पोरगं बापाच्या मागं मागं फिरतं ते बघून हसू येतं, आणि ते कशासाठी फिरतंय हे आठवलं की घशात अडकतं. हसू आहे, पण ते बोलीवर नाही. हे जमतं, फक्त लिहिणाऱ्याला ती भाषा यावी लागते.

इंग्रजी सबटायटल्स असतील तर बंद करून बघा. पहिली दहा मिनिटं काही शब्द निसटतील, मग कान बसतो. आणि घरात वऱ्हाडी बोलणारी आई-आजी असेल तर तिला एखादी 'विदर्भातली' मालिका लावून द्या, कितव्या मिनिटाला ती "असं कोन बोलते वं?" म्हणते ते मोजा आणि व्हॉइस नोट पाठवा. माझ्या आईचा रेकॉर्ड चाळीस सेकंदांचा आहे.