दुलईची ऊब कोणाची?

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलाशी एका बाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "सर, मुलाने परदेशातून येताना पिसांचा डुव्हे आणलाय. तो धुवायचा कसा?" मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "मशीनमध्ये अजिबात घालू नका." घरी जाताना रिक्षात लक्षात आलं, की आपण उत्तर चुकीचं दिलं. माझ्या डोक्यात होती ती माझ्या आईची कापसाची दुलई. ती मी काही वर्षांपूर्वी मशीनमध्ये घातली आणि तिची पुरती वाट लावली. शितावरून भाताची परीक्षा करावी, पण भात एकाच पातेल्यातला हवा ना! त्या बाई आज आल्या असतील तर त्यांची आधी माफी मागतो, आणि मग आज याच विषयावर बोलतो. आयोजकांनी हसत हसत परवानगी दिली आहे.

आपण म्हणतो, "ही दुलई फार गरम आहे." भाषा म्हणून ठीक, पण वस्तुस्थिती तशी नाही. कपाटात घडी घालून ठेवलेल्या दुलईत थर्मामीटर खुपसून ठेवा, खोलीचं जे तापमान तेच दाखवेल. दुलईला स्वतःची उष्णता नसते. बर्फवाला बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आणायचा, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. गोणपाट 'गरम' असतं तर बर्फ आधी वितळला असता. तेच आवरण बर्फाला गार ठेवतं आणि माणसाला उबदार ठेवतं, कारण ते करतं एकच काम: उष्णतेची ये-जा अडवतं. ऊब आपली स्वतःची असते, दुलई तिची राखण करते.

आणि हे काम दुलईतला कापूससुद्धा करत नाही. ते करते कापसाच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा. स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. तंतूंचं काम एवढंच, की त्या हवेला हलू द्यायचं नाही. पिसांचं उदाहरण घ्या. चांगल्या डुव्हेवर 'फिल पॉवर' म्हणून एक आकडा छापलेला असतो, ६००, ७००, ८०० असा. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं किती घन इंच जागा व्यापतात, तो हा आकडा. ६०० चा हिशेब आपल्या मापात केला तर जवळजवळ १० लिटर होतो. २८ ग्रॅम पिसं आणि अर्ध्या बादलीहून जास्त जागा! त्यात पिसांचा खरा ऐवज दोन मोठे चमचेभर. बाकी सगळी हवा.

ही एक गोष्ट पक्की धरलीत, तर निवड, धुणं आणि जपणं या तिन्हीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते तिथूनच निघतात. हवा दाबली गेली की ऊब गेली. हवेच्या जागी पाणी शिरलं की ऊब गेली, कारण पाणी हवेपेक्षा पंचविसेक पट जास्त उष्णता वाहून नेतं.

आता दुकानात आपण काय करतो बघा. दुलई हातात घेऊन वजन अजमावतो. जड असली की म्हणतो, "हां, ही चांगली आहे." हल्ली कम्फर्टरच्या पाकिटावर जीएसएम छापलेलं असतं, १२०, २०० वगैरे. ते चौरस मीटरला किती ग्रॅम, एवढंच सांगतं. म्हणजे पुन्हा वजनच. एकाच प्रकारच्या भरणात तुलना करायला ते ठीक, पण पिसं आणि पॉलिएस्टर यांची तुलना त्यावरून होत नाही. आणि ते वजन नुसत्या भरणाचं की कापडासकट, हेही विचारून घ्यावं. ब्रिटनमध्ये 'टॉग' नावाचं माप वापरतात, ते जास्त प्रामाणिक आहे, कारण आवरण उष्णतेला किती अडवतं तेच ते मोजतं. उन्हाळी डुव्हे साधारण ४.५ टॉगचा, हिवाळी १३.५ पर्यंत. मुलंबाळं प्रेमाने जो पाठवतात तो बहुधा १३.५ चा असतो. पुण्यात खोलीच्या आत थंडी पडून पडून किती पडणार? मग रात्री दोनला तुम्ही घामाने जागे होता, तो लाथाडता, पहाटे पाचला कुडकुडता. वस्तू उत्तम, पण गाव चुकलं. आपल्याकडे ४.५ चा पुष्कळ झाला. महाबळेश्वरला राहत असाल तर वेगळी गोष्ट.

माझी निवडीची पद्धत साधी आहे. दुलई मुठीत दाबायची आणि सोडायची. चटकन फुगून वर आली तर तिच्यात हवा धरण्याची ताकद आहे. मग उजेडासमोर धरून बघायची, भरण सगळीकडे सारखं आहे का. टाके किंवा कप्पे हातभराहून मोठे असतील तर भरण घसरून एका टोकाला जाणार. जयपुरी रजईची कीर्ती आहे ती याचसाठी. कापूस थोडा, पण नीट पिंजलेला, पातळ पसरलेला आणि जवळजवळ टाक्यांनी जागेवर धरलेला.

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांना आणखी एक प्रश्न आहे, दमट हवेचा. कापूस पावसात न भिजताही हवेतला ओलावा ओढतो. दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी तो सहज धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून जुलैत कापसाची दुलई जड आणि गार लागते, कुबट वास येतो. उलट पॉलिएस्टर घाम शोषत नाही, त्यामुळे अंगाला चिकटल्यासारखं होतं. दोन्हीत काहीतरी सोडावं लागतं. मी देशावरचा माणूस, माझा कौल कापसाला. रत्नागिरीत राहत असतो तर कदाचित दुसरा दिला असता.

आता धुणं. इथे थोडा वेळ घेतो, कारण चुका इथेच होतात.

आपल्या परंपरेत दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोघींचं धुणं वेगळं आहे. एक गोधडी, काही भागांत तिला वाकळ म्हणतात. तिच्यात भरण नसतं. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने दाट शिवलेले असतात. पाण्यात घातली तरी थर हलत नाहीत. म्हणून घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुवायची रीत आहे. ओली गोधडी इतकी जड होते की दोन टोकांना दोघं धरून पीळ घालतात. पावसाळ्याचा ओलावा, वास, ढेकूण-पिसवा, सगळं त्या एका दिवशी निघतं, आणि वर कडक ऊन. धार्मिक कारण काहीही असो, वेळ अचूक निवडली आहे.

दुसरी कापसाची दुलई. तिला पाणी लावायचंच नाही. कापसाचा तंतू पाणी पितो, मऊ पडतो, शेजारच्या तंतूला चिकटतो आणि तसाच वाळतो. पुन्हा उसळून यायची लवचीकता त्याच्यात नाही. माझ्या आईच्या दुलईचे मशीनमधून आले ते मुठीएवढे गोळे, आणि मधे नुसतं कापड. हवा धरायला जागाच उरली नाही. तिच्यासाठी वेगळा मार्ग होता. दर काही वर्षांनी पिंजारी दारावर यायचा, त्याच्या पिंजणाचा टणटण आवाज गल्लीभर ऐकू यायचा. दुलई उसवायची, कापूस पुन्हा पिंजायचा, खोळ धुवायची, पुन्हा भरायची. म्हणजे धुवायचं ते कापड, आणि कापसाला फक्त हवा द्यायची! आता हे काम गादीवाले यंत्रावर करतात.

मी ते गोळे घेऊन एका गादीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, यातला निम्मा धूळ होऊन उडेल. नवा मिसळावा लागेल." कापडही विरलं होतं, तेही बदललं. परत आली ती आईची दुलई का, असा प्रश्न मला पडला. पडणारच, चाळीस वर्षं तेच शिकवलं. नैयायिक याबाबतीत फार कडक आहेत. पटातून एक तंतू काढला तरी त्यांच्या मते जुना पट नष्ट झाला, उरला तो खंडपट, म्हणजे नवीन वस्तू. त्या हिशेबाने आईची दुलई पहिल्या टाक्यालाच गेली. मी मात्र तिला आईचीच म्हणतो. नैयायिकांना थंडी वाजली नसावी.

दुलईवर काही सांडलं तर सगळी भिजवू नका. डागाच्या जागचा कापूस चिमटीने बाजूला सारा, नुसतं कापड दोऱ्याने बांधा, तेवढंच साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा.

पॉलिएस्टरचं भरण मशीनमध्ये धुता येतं, कारण तो तंतू पाणी पीत नाही आणि पुन्हा फुगतो. अट एकच, ड्रममध्ये तो सैल फिरला पाहिजे. घरच्या छोट्या मशीनमध्ये डबल बेडचा कोंबलात तर ना साबण आत जातो ना बाहेर येतो.

आणि त्या बाईंचा पिसांचा डुव्हे. बाई, तो मशीनमध्ये धुता येतो, पण आधी त्याच्या लेबलवर काय लिहिलंय ते वाचा. मशीन मोठं हवं, साबण सौम्य आणि थोडा, कापड मऊ करायचं द्रव्य अजिबात नको. खरी परीक्षा वाळवण्यात आहे. वरून कोरडा लागतो आणि आत पिसांचे पुंजके ओले असतात. मग वास सुटतो, बुरशी धरते. ड्रायर असेल तर मंद आचेवर, दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू आत टाकून. ते पुंजके फोडतात. ड्रायर नसेल तर गच्चीवर आडवा पसरून, दर दोन-तीन तासांनी हाताने झाडून फुगवत, दोन-तीन दिवस. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये.

धुण्याची वेळच कमी यावी, असं करता येतं. खोळ घाला. माणसाच्या अंगाचं तेल, घाम, कोंडा खोळीवर राहतो, आत जात नाही. खोळ आठ-पंधरा दिवसांनी धुवायची, दुलई क्वचित. खोळ चढवायचा कंटाळा येतो, मान्य. ती उलटी करा, आत हात घालून तिचे दोन कोपरे पकडा, त्याच हातांनी दुलईचे दोन कोपरे धरा आणि झटका, खोळ सुलट होत खाली येते. चार कोपऱ्यांना आतून नाड्या शिवल्यात तर दुलई आत गोळा होत नाही. सकाळी उठल्याबरोबर घडी घालू नका. रात्रभर अंगातून वाफ गेलेली असते, अर्धा तास तरी तिला उघडी पडू द्या. आमची पिढी हे ऐकायची नाही, शिस्त म्हणजे घडी!

घरात दम्याचा पेशंट असेल तर मी कापसाची दुलई ठेवायला सांगणार नाही, आईची असली तरी. अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात. ते आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी हवेतल्या दमटपणातून घेतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. उन्हाने दुलई कोरडी होते, त्यांची वाढ थांबते, पण आधीची घाण आतच राहते. ती जाते धुण्याने, आणि किडे खात्रीने मरतात ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात. म्हणजे अशा घरात ६० अंशांत धुता येईल तेच पांघरूण हवं. लेबलवर तसं लिहिलेलं असेल तर पॉलिएस्टर, किंवा पातळ सुती गोधडी. आणि अंथरूण झटकायचं काम त्या पेशंटकडे देऊ नका.

उन्हाळ्यात ठेवताना जुन्या चादरीत किंवा सुती पिशवीत बांधा. हवा ओढून घेणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या मिळतात, त्यात महिनोन् महिने दाबून ठेवणं म्हणजे जे विकत घेतलं तेच पिळून काढणं. ठेवण्यापूर्वी पूर्ण कोरडी हवी.

आता डांबराच्या गोळ्या. लोकरीला आणि पिसांना कसर लागते, कारण त्यांतलं केराटीन तिच्या अळीचं खाद्य आहे. कापूस तिचं खाद्य नाही. कापसाचे शत्रू ओल, बुरशी आणि उंदीर. म्हणजे कापसाच्या दुलईत आपण पिढ्यान् पिढ्या ज्या गोळ्या टाकत आलो त्यांचा फारसा उपयोगच नाही. आणि एक धोका आहे. यातल्या पुष्कळ गोळ्या नॅप्थलीनच्या असतात. काही मुलांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, घरच्यांना ते माहीतही नसतं. अशा तान्ह्या बाळाला नॅप्थलीनचा वास लागलेल्या कपड्यांत गुंडाळलं, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ गंभीर होऊ शकते. आपल्याकडे नेमकं काय होतं? बाळ घरी येतं, आजी कौतुकाने ट्रंक उघडते आणि जपून ठेवलेली दुपटी, दुलई तशीच बाळाला घालते.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत बाळ यायचं आहे, त्यांनी ती ट्रंक आताच उघडा. गोळ्या काढून टाका. दुपटी दोन-तीनदा धुवा, दुलई रोज उन्हात टाका, आणि थोडा जरी वास राहिला तरी ती बाळाच्या खोलीत नेऊ नका. वास गेला तरी पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळावर दुलई किंवा डुव्हे घालायचा नाही. तो तोंडावर आला तर बाळाला बाजूला सारता येत नाही. अंगात पुरेसे कपडे घाला. दुलई आजीने पांघरावी.